हौसाबाईंचा गाल आणि नानांचा बांध

संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या: लेखात घोषणा नकोत आणि उद्गारचिन्हं शक्यतो टाळा. दोन्ही अटी मी पाळणार आहे, पण मनाविरुद्ध. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. पत्रकाची एक शिस्त असते. वर संताप, मध्ये मागण्या आणि तळाला 'वाचून पुढे द्या'. अनुभव नावाची गोष्ट त्यात बसत नाही, कारण अनुभवात आपण चुकलेलोही असतो. पत्रकात आपण कधीच चुकलेलो नसतो.

आधी काम सांगते. सावेडीत आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. तिथून आम्ही नगर जिल्हाभर तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलत फिरतो. एक टेम्पो, त्यावर भोंगा, टेम्पो चालवणारे सलीमभाई आणि मी. मी डॉक्टर नाही. जीवशास्त्रात बी.एस्सी. केलंय, तेही काठावर. लोकांनी तोंड उघडावं आणि आमच्या शिबिरांना येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आत बघावं, एवढं घडवून आणणं ही माझी नोकरी. ऐकायला सोपं वाटतं. ग्रामसभेत माईक हातात दिला की जो माणूस तासभर तोंड मिटत नाही, त्यालाच बॅटरीच्या उजेडात 'आ करा' म्हणा. लगेच दातखीळ.

आणि एक वाक्य आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरात राजूरच्या बाजारात जा, नाहीतर पारनेरच्या माळावर जा, ते वाक्य आमच्या टेम्पोच्या आधी तिथे पोचलेलं असतं.

"लोखंड लागलं की पसरतो."

म्हणजे असं, की गालातल्या चट्ट्याचा तपासणीसाठी बारीक तुकडा काढला, गाठीला सुई लावली, की आत गप बसलेला कॅन्सर खवळतो आणि अंगभर सुटतो. म्हणून त्याला डिवचू नये. म्हणून तपासू नये. म्हणून गालाला पदर लावून घरी बसावं. या एका वाक्याने माणसं मारली आहेत, हे मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे. लोक उशिरा येतात, तोवर तो पसरलेलाच असतो, मग तपासणी होते, मग माणूस जातो, आणि नाव सुईचं होतं. चोरी करून चोर गेला, आणि पंचनामा करायला आलेल्याला झाडाला बांधलं, त्यातलाच प्रकार. (इथे उद्गारचिन्ह होतं. खोडलं.)

या वाक्याशी लढायला मुख्य कार्यालयाने आमच्याकडे पत्रकाचे गठ्ठे पाठवले. शीर्षक होतं, 'कर्करोगाच्या प्रसारातील विकरांचे पेशीय संदेशमार्गांद्वारे होणारे नियमन'. मला कोण आनंद झाला. तो का पसरतो, हे कुणीतरी पहिल्यांदाच लोकांना सांगत होतं. सलीमभाईंनी पत्रक स्टिअरिंगवर ठेवून सगळं वाचलं आणि विचारलं, "ताई, यात लोकांना विनंती केलीय का नोटीस दिलीय?"

पारनेरच्या बाजारात आम्ही ते वाटलं. तासाभरात भेळवाल्याने आणखी मागितलं. मी हुरळून गेले. तो म्हणाला, "कागद लई चांगला हाय ताई, तेल पित न्हाई." आमचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पत्रक तेच, कारण भेळ संपत आली की खालची ओळ दिसायची. एक फेटेवाले आजोबा पुडा हातात घेऊन माझ्याकडे आलेसुद्धा. "पेशीला निरोप येतो म्हनं. कुठनं येतो?" या नोकरीच्या सहा वर्षांतला हा पहिला खरा प्रश्न. मी तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "मला वाचायचं हुतं, पन फुडचं चिंचंच्या पान्यात गेलं."

ते आजोबा गर्दीत निघून गेले. त्यांचं उत्तर माझ्याकडे राहिलंय, ते इथे देते. चिंचेचं पाणी सांडू नका.

आपलं अंग पेशींचं आहे. प्रत्येक जागच्या पेशींची वस्ती आणि तिच्याभोवती एक बांध. शेतासारखाच, फक्त मातीऐवजी चिवट धाग्यांचा. पेशीच्या बाहेरच्या अंगाला दारं असतात. बाहेरून निरोप येतो, 'वाढ' किंवा 'थांब' किंवा 'जखम झालीय, ये'. तो दारावर पोचला की आत एकजण दुसऱ्याला थाप मारतो, दुसरा तिसऱ्याला. अशी थाप देत देत निरोप मधल्या कचेरीत जातो. तिथे सगळ्या कामांची वही असते. वहीतलं बरोबर पान उघडतं आणि त्याबरहुकूम अवजार बनतं. त्या अवजाराला विकर म्हणतात, कुणी एन्झाइम म्हणतं. त्यातली काही विकरं म्हणजे बांध कोरणाऱ्या कुदळी.

आता कुदळ वाईट नसते. पाणी भरताना आपण वाफ्याचा बांध जरा फोडून पुढच्या वाफ्यात पाणी सोडतो आणि लगेच बुजवतो. जखम भरताना शरीर तेच करतं. म्हणून कुदळ पोत्यात गुंडाळून बाहेर येते, जागेवर गेल्यावर पोतं निघतं, आणि काम झालं की दांडा धरून थांबवणारेही शरीरातच असतात. कॅन्सरमध्ये बिघडतं ते हे, की दारावर कुणी आलेलं नसताना मधलाच एखादा थापा मारत सुटतो. कचेरीला वाटतं निरोप आला. कुदळीमागून कुदळी निघतात, दांडे धरणारे कमी पडतात, बांध कोरला जातो, आणि पेशी पलीकडच्या पाटात, म्हणजे रक्तात उतरते. पुढे पाट नेईल तिथे ती वस्ती करते. पसरणं म्हणतात ते हे. याला लोखंड लागत नाही. हे सगळं ती बिनलोखंडाची, घरच्या घरी करते.

तुम्ही विचाराल, मग कुदळीच का जप्त करत नाहीत? करून पाहिलं. चांगलं काम करणाऱ्या कुदळीही थांबल्या आणि माणसांचे सांधे धरले. म्हणून आता बरीच औषधं दारावर किंवा त्या थापा मारणाऱ्यावर नेम धरतात. पण बांध ओलांडायच्या आत गाठलं, तर सरळ कापून मोकळं होता येतं. सगळी गंमत आणि सगळी घाई 'आत' या शब्दात आहे.

हे इतकं सोपं मला आज लिहिता येतं. सहा वर्षांपूर्वी येत नव्हतं. तेव्हा राजूरच्या बाजारात एका बाईच्या हातातली मिश्रीची डबी मी हिसकावून गटारात फेकली आणि भोंग्यावरून तिला अर्धा तास सुनावलं. भाजलेली तंबाखू दाताला घासत होती, मला संताप आला. बाजाराने टाळ्या वाजवल्या. तिच्या खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा होता, तो मी पाहिला होता. ती पुन्हा कुठल्याच शिबिराला आली नाही. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. पत्रकात हे कुठे लिहायचं?

म्हणून हौसाबाईंच्या वेळी मी आधी नाव विचारलं.

पारनेर तालुक्यातलं गाव. नाव सांगणार नाही, तिथे भांडणं आधीच पुरेशी आहेत. शिबिरात हौसाबाईंच्या डाव्या गालात लालसर चट्टा आणि न भरणारी जखम दिसली. पन्नाशी उलटलेली, सडसडीत बाई. चार म्हशी, एक सून आणि सगळं गाव हाताखाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुकडा काढून तपासावा लागेल, या आठवड्यातच नगरला या. हौसाबाईंनी तोंड मिटलं, पदर लावला, आणि तेच वाक्य आलं.

"लोखंड लागलं की पसरतो. माझ्या जावेला लावली हुती सुई. दोन म्हयन्यात गेली."

"त्या किती उशिरा आल्या होत्या?"

"लवकर गेली आसती तर लवकर मेली आसती."

मी पत्रक काढलं. हौसाबाईंनी ते सुनेकडे दिलं. सुनेचं नाव रंजना, बारावी झालेली. तिने 'विकरांचे नियमन' इथपर्यंत वाचलं आणि माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की पत्रक मीच परत मागून घेतलं.

टेम्पोत बसल्यावर सलीमभाई म्हणाले, "ताई, वाचून नाही पटत. खेळ करून दाखवा."

दोन दिवसांनी सकाळी, गावाचं दूध घालून झाल्यावर डेअरीसमोर खेळ ठरला. कडब्याच्या पेंढ्यांचा गुडघाभर बांध रचला. दारावर डेअरीचे सेक्रेटरी उभे, निरोप घ्यायला. मधला थाप देणारा पानटपरीवाला बबन. दिवसभर तंबाखूच्या पुड्या विकणाऱ्यालाच तिथे बसवायची कल्पना माझी, आणि मी त्यावर खूश होते. कचेरी म्हणून खुर्चीवर वही घेऊन निवृत्त गुरुजी. दांडा धरून थांबवायला सलीमभाई. राहिला कुदळवाला.

इथे मी एक चूक केली. मी सावेडीच्या फ्लॅटात वाढलेली. आमच्याकडे बांध म्हणजे पार्किंगची पिवळी रेघ. मी भोंग्यावरून सगळ्या गावाला विचारलं, "बांध कोरण्यात सगळ्यात पटाईत माणूस कोण आहे?"

पन्नास बोटं एका दिशेला वळली.

तिथे नाना उभे होते. हौसाबाईंचे धाकटे दीर, वाटणीनंतर शेजारचं शेत कसणारे. लोक हसायला लागले. मला वाटलं, लाजरा माणूस आहे, लोक कौतुक करतायत. मी हाताला धरून त्यांना पुढे आणलं. "या ना नाना, लाजू नका, गावाने निवडलंय." नानांना स्टेजचा भारी सोस. कुदळ हातात आल्यावर सगळं विसरून त्यांनी पोझ घेतली.

पहिली फेरी झकास झाली. सेक्रेटरींनी बबनला हळूच थाप दिली. बबनने गुरुजींच्या पाठीत जरा मोठी दिली. हेही बरोबरच. आत जाता जाता निरोप असाच वाढत जातो. गुरुजींनी वही उघडून म्हटलं, "जखम झाली आहे. कुदळ काढा." नानांनी पोतं सोडलं, बांधाची एक पेंढी उचलली, सलीमभाईंनी दांडा धरला, नाना थांबले. टाळ्या.

"आता बबन बिघडला," मी जाहीर केलं. "दारावर निरोप आलेला नाही, तरी तो थापा मारणार."

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. गुरुजींनी आयुष्यभर ज्यांच्या पाठीत धपाटे घातले, त्यांत सगळ्यात जास्त बबनला घातले होते. बबनने बाह्या सरसावल्या. पहिली थाप. "कुदळ काढा!" दुसरी. "कुदळ काढा!" तिसरीला गुरुजींची कवळी वहीवर पडली. चौथीला 'खुदल खाढा' ऐकू आलं. (ही उद्गारचिन्हं गुरुजींची आहेत, संपादकांनी माझ्या नावावर मांडू नयेत.)

"बबन, पुरे," मी म्हणाले.

"ताई, मी बिघडलोय. बिघडलेला थांबतो व्हय?"

शास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर होता. तिकडे नाना रंगात आलेले. सलीमभाई दांड्याला लोंबकळले होते आणि नाना त्यांच्यासकट बांध कोरत होते. एका बाजूने, अगदी बारीक बारीक, सरळ रेषेत, सफाईने. गाव लोटपोट हसत होतं. कुणीतरी ओरडलं, "नानाला शिकवायला लागत न्हाई, पोटातनंच शिकून आलाय!"

आणि बायकांच्या घोळक्यातून हौसाबाई उठल्या.

"बघा, सगळ्या गावानं बघा! आसाच कोरतो माझा बांध. बारा वर्सं झाली. दर पेरनीला नांगराची येक रेघ माझ्या रानात."

नाना कुदळीसकट वळले. "वैनी, हा खेळ हाय."

"तुझा खेळ हाय, माझं रान चाललंय. बारा वर्सं सांगते, मोजनी आन, मोजनी आन. सरकारी मानूस यील, मोजून निशान्या लावंल, समदं समजंल."

"मोजनी आनली की तंटा वाढतो," नाना म्हणाले. "आपसात हाय तवर गप बसलंय. माप लावलं की समदं गावभर व्हतं. कशाला डिवचायचं?"

"तंटा मोजनीनं वाढत न्हाई रे, तुझ्या नांगरानं वाढतो! मोजनारा काय बांध कोरतो व्हय? तो फकस्त दाखवतो, कुठवर कोरलाय ते. ज्याला भ्या वाटतं त्योच मोजनीला न्हाई म्हनतो!"

हे सगळं एका दमात. मग त्यांनी श्वास घेतला. बबनचा हात हवेत थांबला. आणि रंजना, सासूसमोर आजवर कधी वर मान न केलेली, हळूच म्हणाली,

"आत्या, ताई तरी दुसरं काय सांगत्यात?"

हौसाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पदर अजून गालाला होता, तो त्यांनी काढला. मी भोंग्याचा माईक खाली ठेवला. सहा वर्षांत मी एकदाच वेळेवर गप्प बसले असेन, ती ही वेळ.

"सुई म्हंजी मोजनी?"

"मोजणीच," मी म्हणाले.

"अन् कोरनारा कोन? बाहेरचा किडा?"

"नाही मावशी. आपलीच पेशी, बिघडलेली. घरचीच."

"मग आदी आसं सांगायचं ना. तो इकर का फिकर घिऊन बसलीस." मग त्या दिराकडे वळल्या. "मी माझी मोजनी करते. तू तुझी आन. हाय का हिंमत?"

आता सगळं गाव नानांकडे बघत होतं, आणि नानांच्या हातात कुदळ होती. कुदळ हातात असलेल्या माणसाला बांधाबद्दल फार बोलता येत नाही. "आनतो," ते म्हणाले. गुरुजींनी कवळी बसवून साक्ष दिली.

त्याच आठवड्यात हौसाबाई नगरला आल्या. नाना सोबत, कारण वैनी ऐनवेळी पळाली तर आपलीही मोजणी टळेल, अशी त्यांना आशा होती. वैनी पळाल्या नाहीत. बसल्या, तोंड उघडलं, आणि सुई दिसताच डॉक्टरीणबाईंना तंबी दिली, "माप बराबर घ्या. माझ्यापुढं जास्तीचं कोरलेलं चालत न्हाई."

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. ते दिवस मी कुणालाच काही सांगितलं नाही, पण पत्रकातली एक ओळही मला लिहिता आली नाही. मी एवढ्या ठामपणे 'चला' म्हटलं होतं. आता तो पसरलेला निघाला असता, तर गावाला जाऊ आणि हौसाबाई अशा दोन साक्षी मिळाल्या असत्या, आणि ते वाक्य आणखी पन्नास वर्षं जगलं असतं. हौसाबाई जगल्या असत्या की नाही, हे मी मुद्दाम शेवटी लिहिते आहे, कारण तेव्हा माझ्या मनातही ते दुसऱ्या नंबरवर आलं. याची मला अजून लाज वाटते.

निघाला कॅन्सरच. पण लहान, सुरुवातीचा. गालातला तेवढा भाग कापून काढला, मानेतल्या गाठी तपासल्या, त्या स्वच्छ होत्या. 'पाटात उतरलेला नाही' हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं नाही, ते 'पसरलेला नाही' म्हणाले. हौसाबाईंना मी पाटाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, पाटावर ह्याचा डोळा हुताच," आणि नानांकडे बघितलं. टाक्यांमुळे हसता येत नव्हतं, तरी हसल्या.

मग नानांची पाळी. मोजणीवाले आले. गाव बांधावर गोळा झालं, मी आणि सलीमभाईही गेलो. यंत्र लावलं, निशाण्या रोवल्या, चुना टाकला. चुन्याची पांढरी रेघ जिथे पडली ते बघायला सगळं गाव वाकलं.

रेघ हौसाबाईंच्या रानात होती. चांगली हातभर आत. नानांनी कोरलं होतं खरं, पण त्याच्याही आधी कितीतरी वर्षं हौसाबाईंच्या कैलासवासी मालकांनी भावाचं जास्त कोरून ठेवलं होतं. नाना आपलंच परत घेत होते आणि ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण चोरी करतोय. बारा वर्षं मन लावून.

त्या दिवशी नानांनी गावभर पेढे वाटले. पहिला पेढा वैनींना. वैनींना अजून पेजेशिवाय काही चालत नव्हतं. त्यांनी तो पदराला बांधला आणि म्हणाल्या, "चावता यायला लागलं की बघते तुला."

मुख्य कार्यालयाला मी नवं पत्रक लिहून पाठवलं: बांध, कुदळ, मोजणी. ते परत आलं. शेरा होता, 'विकरांचा उल्लेख अपुरा'. मी आता त्यांच्याविरुद्ध पत्रक काढणार आहे.

पण त्या गावात पुढच्या शिबिराला मला भोंगा लावावा लागला नाही. तुकडा काढायचं नाव निघताच दोन बायका पदर सावरून उठल्या, तेव्हा डेअरीच्या पायरीवर हौसाबाई उभ्या राहिल्या. गाल जरा ओढलेला, आवाज तोच.

"बसा खाली. मोजून घ्या गं बायांनो. माझं दोन्हीकडं निघालं, गालात बी अन् बांधात बी. अन् दोन्हीकडं कोरनारं घरचंच निघालं. मोजलं म्हनून कळलं."

बायका बसल्या. रांग लागली. रांगेत तिसरे नाना होते. खुर्चीवर बसून, तोंड उघडायच्या आधी त्यांनी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, "वैनीपेक्षा कमी निघंल ना?"